आईच्या अंडाशयातील गाठ : आधी कोणता स्कॅन करावा आणि दुसरे मत कोणाचे घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे आणि तिची पाळी जाऊन सात वर्षे झाली. गेले अडीच महिने तिचे पोट फुगल्यासारखे राहते, चार घास पोटात गेले की जेवण नको होते आणि रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते. आम्ही हे सगळे अपचनावर ढकलले आणि पित्ताच्या गोळ्या देत राहिलो, याची बोच मनाला लागून आहे. मागच्या आठवड्यात सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयात ७.८ सेंटिमीटरची, अनेक कप्पे असलेली गाठ आहे, तिच्यात २.४ सेंटिमीटरचा घन भाग आहे आणि ओटीपोटात ‘किंचित पाणी’ आहे, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा वाढणारी रक्ततपासणी ११२ आली. प्रयोगशाळेच्या कागदावर ३५ पर्यंतचा आकडा सामान्य म्हणून छापलेला आहे.

आईला अनेक वर्षे तपासत आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे म्हणणे असे की, याच आठवड्यात दुर्बिणीतून गाठ काढून टाकू आणि मग ती तपासायला पाठवू. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी ताबडतोब पेट-सीटी, म्हणजे कर्करोगासारखे जास्त साखर वापरणारे भाग उजळून दाखवणारा स्कॅन, करायला सांगितले, कारण त्यात ‘सगळ्या शरीराचा एकदाच उलगडा होतो’. माझ्या मावसभावाने एमआरआयचा आग्रह धरला आहे. तिघेही आमच्या भल्याचेच सांगत आहेत, पण वाटा तीन झाल्या आहेत. त्यात आईला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३ आहे, त्यामुळे स्कॅन स्पष्ट यावा म्हणून देतात ते कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन तिला सोसेल की नाही, हीही धास्ती आहे.

आई रिपोर्टचा लिफाफा उशाशी ठेवून झोपते आणि सकाळी उठल्यावर ‘ठरलं का काही?’ एवढेच विचारते. तिला काय सांगावे ते मला कळत नाही. आधी कोणता स्कॅन करावा, दुसरे मत नेमके कोणाचे घ्यावे, नेहमीच्या बाईंना न दुखावता ते कसे घ्यावे आणि या सगळ्यात किती दिवस गेले तर चालतील, याबद्दल ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि स्त्रियांच्या ओटीपोटाची सोनोग्राफी हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, ते मी सांगणार नाही. पण तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत तपासणीचे नाव आहे आणि त्या तपासणीने कोणता प्रश्न सुटायचा आहे ते कोणीच सांगितलेले नाही. गोंधळ तिथून सुरू झाला आहे. अशा गाठीबाबत दोन प्रश्न असतात. गाठीचा स्वभाव काय, ती साधी आहे की कर्करोगाची, हा पहिला. आणि कर्करोगाची असेल तर ती कुठवर पोहोचली आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी योनीमार्गातून केलेली काळजीपूर्वक सोनोग्राफी सर्वांत उपयोगाची, आणि तिच्यानंतरही शंका उरली तर एमआरआय. दुसऱ्या प्रश्नासाठी छाती, पोट आणि ओटीपोट यांचा कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन.

म्हणून सर्वांत आधी तुमच्या हातातला रिपोर्ट पुन्हा वाचा. ती सोनोग्राफी भरपूर पाणी प्यायला लावून, लघवी तुंबवून, फक्त पोटावरून केली होती का? तसे असेल तर ती अर्धीच तपासणी झाली आहे. योनीमार्गातून करताना लघवी करून यायला सांगतात, प्रोब अंडाशयाच्या अगदी जवळ पोहोचतो आणि घन भाग, कप्प्यांमधले पडदे, आतल्या भिंतीवरचे बारीक उंचवटे स्पष्ट दिसतात. गाठ मोठी असेल तर दोन्ही मार्गांनी पाहावे लागते. दुसरे, घन भागात रक्तप्रवाह किती आहे याचा उल्लेख तुम्ही दिलेल्या मजकुरात नाही. डॉपलर लावून हा प्रवाह १ ते ४ अशा गुणांत मोजतात. ‘ओ-रॅड्स’ नावाची जी वर्गवारी आता बऱ्याच ठिकाणी वापरतात, तिच्यात अनेक कप्पे आणि घन भाग असलेल्या गाठीला प्रवाह १ किंवा २ असेल तर चौथा गट मिळतो, म्हणजे कर्करोगाची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. प्रवाह ३ किंवा ४ असेल तर पाचवा गट, म्हणजे ५० टक्के किंवा त्याहून जास्त. एका न लिहिलेल्या ओळीने केवढा फरक पडतो, हे यावरून लक्षात येईल.

‘किंचित पाणी’ या शब्दांवरही थांबायला हवे. गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत थोडे पाणी साचणे वेगळे आणि ते पाणी गर्भाशयाच्या वर, आतड्यांच्या मध्ये दिसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात शंका एकदम वाढते. रिपोर्टमध्ये पाणी कुठे आहे ते लिहिलेले असायला हवे.

आता आकड्यांचे. १९९० साली मांडलेला एक सोपा हिशेब अजूनही वापरात आहे. सोनोग्राफीत अनेक कप्पे, घन भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, अन्यत्र प्रसार यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी दिसल्या तर ३ गुण, पाळी कायमची गेलेली असेल तर ३ गुण, आणि या दोन्ही आकड्यांना सीए-१२५ ने गुणायचे. आईंचा हिशेब ३ गुणिले ३ गुणिले ११२, म्हणजे १००८ होतो. हा आकडा २०० च्या वर, काही ठिकाणी २५० च्या वर गेला की रुग्णाला स्त्री-कर्करोगाच्या विशेष केंद्राकडे पाठवावे, असा संकेत आहे. १००८ म्हणजे कर्करोग असा याचा अर्थ मुळीच नाही. पुढची पायरी कोणाच्या हातात असावी, एवढे मात्र त्यावरून ठरते. याहून नेमका ‘अ‍ॅडनेक्स’ नावाचा हिशेब २०१४ पासून उपलब्ध आहे, पण त्यासाठी घन भागाचे प्रमाण, उंचवट्यांची संख्या, दहाहून जास्त कप्पे आहेत का, अशी मोजमापे नीट घेतलेली असावी लागतात, आणि तीही पुन्हा चांगल्या सोनोग्राफीतूनच मिळतात.

एमआरआय उत्तम तपासणी आहे. चरबी असलेली डर्मॉइड गाठ, जुने रक्त साचलेली एंडोमेट्रिओमा, तंतूंची बनलेली फायब्रोमा यांना ती बरोबर ओळखते आणि त्यामुळे कित्येक स्त्रियांची मोठी शस्त्रक्रिया टळते. पण अनुभवी हातांनी केलेल्या सोनोग्राफीतच गाठ पाचव्या गटात गेली, तर शस्त्रक्रिया विशेष केंद्रात व्हायची हे एमआरआयने बदलत नाही आणि आठवडा मात्र जातो. चौथ्या गटात असेल तर एमआरआयला खरा अर्थ आहे, आणि तोही डिफ्यूजन (ऊतींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी पद्धत) व कॉन्ट्रास्टसह केलेला.

पेट-सीटीबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो, कारण ‘एकदाच उलगडा’ या कल्पनेने लोक तिकडे वळतात. अंडाशयातली गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरवण्यासाठी ती पहिली तपासणी नाही. चिकट द्रवाच्या गाठी आणि सीमारेषेवरच्या, म्हणजे साध्या आणि कर्करोगाच्या यांच्या मधल्या, गाठी तिच्यात फिक्या दिसू शकतात, काही मिलिमीटरचे कण निसटतात आणि संसर्ग किंवा सूज मात्र उजळून निघते. त्यातून मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तीची आतडी या तपासणीत जास्त उजळतात आणि त्या उजेडात आतड्यांवरचे बारीक कण झाकले जाऊ शकतात. आईंच्या बाबतीत पुढे कधी ती करावी लागली तर साखर आटोक्यात असणे आणि मेटफॉर्मिनबद्दल त्या केंद्राला आधी कळवणे आवश्यक राहील. आजार उलटल्याची शंका असताना किंवा सीटीत एखादी लांबची लसीकाग्रंथी संशयास्पद वाटत असताना पेट-सीटी फार मोलाची ठरते, पण तुम्ही आज तिथे नाही.

क्रिएटिनिन १.३ आणि वय ५८ यांवरून मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाजे आकडा ४८ च्या आसपास येतो. सीटीच्या कॉन्ट्रास्टबद्दलची मुख्य काळजी हा आकडा ३० च्या खाली गेल्यावर सुरू होते. त्यामुळे योग्य प्रमाणात पाणी देऊन ही तपासणी बहुधा करता येईल. मेटफॉर्मिन थांबवायचे की नाही ते सीटी केंद्राला आणि तुमच्या फिजिशियनना विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. इंजेक्शनची किंवा औषधाची ॲलर्जी पूर्वी झाली असेल तर ती न विसरता सांगा.

प्रतिसाद २

तुमच्या लेखनातला ‘आधी काढू आणि मग तपासू’ हा भाग वाचून लिहावेसे वाटले, कारण माझ्या बाबतीत अगदी तसेच झाले होते. मी तेव्हा ४१ वर्षांची होते. डाव्या अंडाशयात ६ सेंटिमीटरची गाठ होती आणि रिपोर्टमध्ये तिला ‘गुंतागुंतीची सिस्ट’ म्हटले होते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, गाठ सोडवताना फुटली आणि तुकड्यांनी बाहेर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले. मला बरे वाटत होते. दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, त्यात क्लिअर सेल प्रकारचा कर्करोग होता.

अंडाशयापुरता मर्यादित आणि गाठीचे वेष्टन शाबूत असलेला कर्करोग १-ए टप्प्यात मोजतात. शस्त्रक्रियेत गाठ फुटली तर २०१४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे तोच १-सी१ होतो. माझा १-सी१ झाला. महिन्याभरात दुसऱ्यांदा पोट उघडून बाकीचे सगळे तपासावे लागले आणि त्यानंतर केमोच्या सहा फेऱ्या घ्याव्या लागल्या. गाठ अखंड निघाली असती तर केमो टळली असती का, याचे खात्रीचे उत्तर मला कोणी देऊ शकले नाही, पण तो प्रश्न अजूनही कधी कधी रात्री जागे ठेवतो. आज पाच वर्षे झाली आहेत आणि माझी तब्येत चांगली आहे, हे तुमच्या आईंना आवर्जून सांगा.

दुर्बीण वाईट असते असे मी म्हणत नाही. साध्या गाठींसाठी ती वरदान आहे. पण ज्या गाठीबद्दल शंका आहे ती काढणाऱ्या व्यक्तीला शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. गाठ अखंड बाहेर येईल याची काय व्यवस्था आहे? शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासण्याची, म्हणजे फ्रोझन सेक्शनची सोय त्याच ठिकाणी आहे का? आणि कर्करोग निघालाच तर पुढची पूर्ण शस्त्रक्रिया त्याच बैठकीत, त्याच हातांनी होणार आहे का? मी यातले काहीच विचारले नव्हते, कारण असे विचारायचे असते हेच मला माहीत नव्हते.

प्रतिसाद ३

माझी पत्नी ३४ वर्षांची असताना तिच्या पोटात पाणी झाले, वजन उतरले आणि सीए-१२५ चा आकडा ६४० आला. सीटीमध्ये आतड्यांवरचा चरबीचा पडदा जाड झालेला दिसत होता आणि दोन्ही अंडाशये सुजलेली होती. आम्हाला तिसऱ्या टप्प्याचा कर्करोग म्हणून सांगण्यात आले आणि केमो कधी सुरू करायची यावर बोलणेही सुरू झाले. आम्ही सर्व कागद, सीडी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली : पेशींचा पुरावा कुठे आहे? त्यांनी सोनोग्राफीत पाहत त्या जाड पडद्यातून सुईने तुकडा घेतला. त्यात क्षयाच्या गाठी निघाल्या. पोटाचा क्षय होता. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी पाणी गेले, वजन परत आले आणि सीए-१२५ १८ वर उतरले.

तुमच्या आईंचे चित्र वेगळे आहे हे मला समजते आणि खोटी आशा लावावी असा माझा हेतू नाही. पण सीए-१२५ हा आकडा क्षय, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, यकृताचा किंवा हृदयाचा आजार, इतकेच काय साधी पाळी चालू असतानाही वाढतो, हे त्या काळात आम्हाला कोणी सांगितले असते तर आमचे ते तीन आठवडे इतके काळे गेले नसते.

प्रतिसाद ४

स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून दुसऱ्या मताबद्दल आणि वेळेबद्दल लिहितो. त्याआधी वरच्या प्रतिसादातील एका मुद्द्याची मर्यादा स्पष्ट करणे मला फार गरजेचे वाटते. सुईने तुकडा घेणे तिथे अगदी बरोबर होते, कारण आजार पोटभर पसरलेला दिसत होता आणि केमो सुरू करण्याआधी पेशींचा पुरावा हवाच होता. तुमच्या आईंसारखी एकाच अंडाशयात असलेली, अजून बंदिस्त वाटणारी गाठ असेल, तर तिच्यात बाहेरून सुई घालू देऊ नका आणि ‘पाणी काढून तपासू’ असे कोणी म्हटले तरी थांबा. बंदिस्त कर्करोगाला आपण स्वतः वाट करून देण्यासारखे ते होते, शिवाय त्या पाण्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणून कर्करोग नाही असेही म्हणता येत नाही. अशा गाठीची तपासणी ती अखंड काढूनच करतात.

दुसरे मत कोणाचे, तर स्त्री-कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे खास प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदाचे, आणि शक्य असेल तर जिथे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमो देणारे डॉक्टर आणि शल्यविशारद एकत्र बसून रुग्णाचा विचार करतात अशा ठिकाणचे. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगात पहिली शस्त्रक्रिया किती पूर्ण झाली यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते, आणि अशा शस्त्रक्रिया सातत्याने करणाऱ्या हातांत निकाल चांगले मिळतात. तीन-चार सामान्य मते गोळा करण्यापेक्षा असे एकच मत घ्या. मते जितकी वाढतील तितकी तुमची फरफट वाढेल आणि आई लिफाफा घेऊन बसून राहतील.

नेहमीच्या बाईंना दुखावण्याची भीती मी शेकडो घरांत पाहिली आहे. त्यांना सरळ सांगा : ‘बाई, या गाठीत कर्करोग निघू शकतो असे रिपोर्टवरून दिसते. शस्त्रक्रियेआधी कर्करोगाच्या शल्यविशारदांना एकदा दाखवावे असे आम्हाला वाटते. आईची सगळी पूर्वमाहिती तुम्हाला आहे, तर तुम्ही चिठ्ठी द्याल का?’ चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. पुष्कळदा त्यालाही हायसे वाटते. आणि समजा राग आलाच, तरी कागदपत्रे तुमची आहेत आणि त्यांच्या प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

काही लोक पहिले मत दुसऱ्या डॉक्टरांपासून लपवतात, म्हणजे ‘खरी परीक्षा’ होईल असे त्यांना वाटते. मला हे पटत नाही. लपवलेल्या कागदांमुळे तपासण्या पुन्हा होतात आणि कधी एखादा महत्त्वाचा दुवा हरवतो. एवढे मात्र जरूर करता येईल की, स्कॅन दुसऱ्या रेडिओलॉजिस्टना दाखवताना चित्रे आधी पुढे ठेवा आणि रिपोर्ट नंतर द्या. चित्रे म्हणजे छापील फिल्म नव्हे. सीटीच्या शेकडो कापांपैकी मोजकेच फिल्मवर येतात, म्हणून मूळ चित्रे असलेली सीडी मागून घ्या आणि घरी ती उघडते का ते पाहा. सोनोग्राफीचे मात्र दुसरे मत चित्रांवरून नीट देता येत नाही, कारण ज्याच्या हातात प्रोब असतो त्याने जे पाहिले तेच फिल्मवर उरते. ती पुन्हाच करावी लागते.

आता दिवसांचे. चांगले मत आणि नीट केलेले स्कॅन यांसाठी एक ते दोन आठवडे लागले तर त्याने सहसा नुकसान होत नाही. चुकीच्या पहिल्या शस्त्रक्रियेने होते. मात्र अचानक असह्य पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. एकाच पायाला सूज आली किंवा दम लागू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, आणि या आजारात तिची शक्यता वाढलेली असते. पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद झाले तर आतड्याला अडथळा आलेला असू शकतो. यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा.

रक्ताच्या तपासणीत सीईए आणि सीए १९-९ या पचनमार्गाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या दोन तपासण्या करून घ्या. जठर किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग अंडाशयात येऊन बसतो तेव्हा वरून चित्र असेच दिसू शकते. सीए-१२५ ला सीईएने भागून २५ पेक्षा जास्त उत्तर आले तर कल अंडाशयाकडे असतो, कमी आले तर जठर आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून मगच पुढे जावे लागते. कोणी एचई४ ही सीए-१२५ सारखीच दुसरी रक्ततपासणी सुचवली तर आईंच्या मूत्रपिंडाची स्थिती त्यांना सांगा, कारण मूत्रपिंड मंद असताना तो आकडा उगाच वाढलेला येतो. आणि आजी, मावश्या, आत्या यांच्यापैकी कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा, गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग कोणत्या वयात झाला, हे घरातल्या थोरांना विचारून कागदावर लिहून न्या. बाह्यरुग्ण विभागात ऐन वेळी हे कोणालाच आठवत नाही.

प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर

सर्वांचे मनापासून आभार. अकरा दिवसांत बरेच काही झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या बाईंशी मी वर लिहिल्याप्रमाणेच बोलले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच पॅड ओढून चिठ्ठी लिहिली. आईच्या २०११ मधल्या जुन्या सोनोग्राफीचा रिपोर्टही त्यांनी शोधून दिला, ज्यात दोन्ही अंडाशये सामान्य होती. पहिली सोनोग्राफी खरोखरच फक्त पोटावरून झाली होती. दुसरी योनीमार्गातून केली. ती करणाऱ्या डॉक्टर बाई जवळजवळ अर्धा तास बघत होत्या आणि एकेक गोष्ट बाजूला बसलेल्या मुलीला लिहायला सांगत होत्या. आईला अवघडल्यासारखे झाले होते, तेव्हा त्यांनी तिला सांगितले की दुखले तर लगेच हात वर करा, मी थांबेन. आईने एकदाही हात वर केला नाही. घन भागातल्या रक्तप्रवाहाला ३ गुण मिळाले, म्हणजे पाचवा गट. पाणी मात्र फक्त गर्भाशयाच्या मागे होते.

शल्यविशारदांनी त्यामुळे एमआरआय नको म्हटले आणि छातीपासून ओटीपोटापर्यंतचा सीटी करायला सांगितला. फिजिशियनना विचारून तो कॉन्ट्रास्टसह केला आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहिलेले क्रिएटिनिन १.३ च राहिले. सीटीत अंडाशयाबाहेर काही दिसले नाही. मी तेवढ्यावरच सुटकेचा श्वास सोडणार होते, पण त्यांनी लगेच सांगितले की आतड्यांच्या पृष्ठभागावरचे काही मिलिमीटरचे कण सीटीला दिसत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेत पोटातील धुतलेले पाणी, चरबीचा पडदा आणि पोटाच्या आतल्या आवरणाचे तुकडे तपासायला घ्यावेच लागतील. सीईए २.१ आले. ११२ भागिले २.१ मी तिथेच मोबाइलवर करून पाहिले, ५३ आले.

ट्यूमर बोर्डात ठरले ते असे : पोटावर उभा छेद देऊन गाठ अखंड काढायची, लगेच फ्रोझन सेक्शन करायचे आणि त्याच्या उत्तराप्रमाणे त्याच बैठकीत पुढचे करायचे. येत्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. फ्रोझनचे उत्तर कधी कधी अंतिम रिपोर्टमध्ये बदलते, विशेषतः सीमारेषेवरच्या आणि चिकट द्रवाच्या मोठ्या गाठींत, हेही त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवले आहे. शेवटी त्यांनी आईला विचारले, तुम्हाला काही विचारायचे आहे का? आईने विचारले, ‘माझ्या मुलीलाही तपासून घ्यावे लागेल का?’ इतके दिवस तिच्या मनात हे चालले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझा आता एवढाच प्रश्न आहे की, अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट आल्यावर त्याचेही दुसरे मत घ्यावे का, आणि त्यासाठी आत्तापासून काय सांगून ठेवावे?

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ माझाच होता. होय, कर्करोग निघाला तर पॅथॉलॉजीचे दुसरे मत जरूर घ्या, विशेषतः प्रकार दुर्मीळ असेल किंवा रिपोर्टमध्ये ‘सीमारेषेवरची’, ‘शक्यता’ असे शब्द असतील तर. अंडाशयाच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत आणि कोणती केमो द्यायची, द्यायची की नाही, हे त्या प्रकारावर ठरते. पॅथॉलॉजी विभागाला सांगून ठेवा की स्लाइड आणि ज्यांत गाठीचे तुकडे जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक दोन्ही लागतील. फक्त स्लाइड नेल्या तर नव्या चाचण्या करायला ऊती उरत नाही. ब्लॉक नेताना त्यांच्यावरचे क्रमांक रिपोर्टमधल्या क्रमांकांशी जुळवून सही करा, डबा गाडीत उन्हात ठेवू नका आणि काम झाले की परत जमा करा.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर असे सांगा. अंडाशयाच्या सर्वसाधारण प्रकारचा, म्हणजे आवरणपेशींचा कर्करोग निघाला, तर बीआरसीए (ज्यांतील दोषाने स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग घराण्यात उतरू शकतो ती जनुके) आणि संबंधित जनुकांची तपासणी आधी आईंची करतात. घराण्यात कोणाला हा आजार नसला तरी ती करतात. त्यांच्यात दोष सापडला तरच तुमची तपासणी करायची वेळ येते, आणि तीही आधी समुपदेशन घेऊन. कसलाही त्रास नसताना तुम्ही दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी करत राहण्याने फायदा होत नाही. दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासाचे २०२१ मधले निष्कर्ष असेच सांगतात की, अशा सरसकट चाचण्यांनी या आजाराचे मृत्यू कमी झाले नाहीत.

गुरुवारी आईंची साखर, त्यांच्या सर्व गोळ्यांची यादी आणि दोन्ही सोनोग्राफींचे रिपोर्ट भूलतज्ज्ञांच्या हाती आदल्या संध्याकाळीच जातील असे पाहा. शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत घ्यायची इंजेक्शने काही आठवडे घरी घ्यावी लागू शकतात. ती कशी द्यायची हे घरी येण्याआधी परिचारिकेकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या.